१९२८ : कार्टूनला आवाज मिळाला ते वर्ष मुलांना करून कसं दाखवायचं?

वाचनमंडळ_खानापूर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात दसऱ्याच्या सुट्टीत दोन दिवसांचं शिबिर ठरलंय. पाचवी ते आठवीची ३० मुलं येतील. निम्मी मराठी शाळेतली, बाकीची कन्नड आणि इंग्रजी माध्यमाची. विषय घेतलाय कार्टूनच्या इतिहासातलं १९२८ हे वर्ष. नुसतं भाषण नको. पहिल्या दिवशी मिकी माऊसचा 'स्टीमबोट विली' दाखवायचा आणि मग मुलांच्याच हातून आवाजासकट एक छोटी फिल्म करून घ्यायची, असा बेत आहे.

हाताशी एक मोबाईल, एक लॅपटॉप, शाळेचा प्रोजेक्टर आणि ब्लूटूथ स्पीकर आहे. वाद्यं म्हणाल तर हलगी, दोन झांजा आणि लेझमा. रोज तीन तास मिळतील.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. फलकावर 'पहिलं बोलकं कार्टून' असं लिहिलं तर चालेल का? ३० मुलांत किती सेकंदांची फिल्म होईल? हलगीचा ठोका आणि चित्रातली काठी एकाच वेळी पडायला काय करावं लागतं? आणि जुनी फिल्म दाखवायला परवानगी लागते का?

जुनी_रीळ

वर्ष अगदी योग्य धरलंय. पण 'पहिलं बोलकं कार्टून' लिहू नका, ते खरं नाही.

मॅक्स फ्लायशर यांनी ली द फॉरेस्ट यांच्या फोनोफिल्म (फिल्मवरच आवाज टिपायच्या) पद्धतीवर १९२४ पासूनच गाण्यांची कार्टून काढायला सुरुवात केली होती. १९२६ च्या 'माय ओल्ड केंटकी होम'मध्ये तर कुत्रा प्रेक्षकांकडे बघून बोलतो आणि शब्दांवर उड्या मारणाऱ्या चेंडूबरोबर गायला सांगतो. पॉल टेरी यांचं 'डिनर टाइम' १९२८ च्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये लागलं, म्हणजे 'स्टीमबोट विली'च्या अडीच महिने आधी. त्यात चित्रं आधी पुरी झाली होती आणि आवाज नंतर चिकटवला होता. ऐकताना ते लगेच कळतं, आवाज एकीकडे आणि हालचाल दुसरीकडे.

'स्टीमबोट विली' १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये लागला. त्याचं वेगळेपण असं की चित्रं काढायच्या आधीच संगीताचा हिशोब मांडलेला होता. फलकावर लिहायचं तर 'ताल मोजून काढलेलं पहिलं गाजलेलं कार्टून' असं काहीतरी लिहा.

त्या वर्षाचा क्रमही मुलांना सांगण्यासारखा आहे. वर्षाच्या सुरुवातीला वितरकाशी बोलणी फिसकटली आणि ऑस्वाल्ड ससा हे तेव्हाचं कार्टूनपात्र वॉल्ट डिस्ने यांच्या हातून गेलं, कारण सशाचे हक्क युनिव्हर्सलकडे होते. मग मिकी आला. मिकीचं पहिलं कार्टून 'प्लेन क्रेझी' जवळजवळ सगळं अब आयवर्क्स यांनी एकट्यानं काढलं. १५ मे १९२८ ला ते चाचणी म्हणून दाखवलं, पण ते मूक होतं आणि कुणी वितरक मिळाला नाही. दुसऱ्याचंही तेच झालं. 'स्टीमबोट विली' हे क्रमानं तिसरं, आवाज घेऊन आधी बाहेर पडलं ते हेच. पहिल्या दोघांना आवाज मागाहून जोडला.

आणखी एक गोष्ट सांगाच. सप्टेंबरमधलं पहिलं ध्वनिमुद्रण फसलं, कारण वाद्यवृंद चित्राबरोबर राहीना. मग ताल दाखवणारी उडती खूण फिल्मवरच टाकली, वादकांचे प्रमुख ती बघत हात हलवू लागले आणि दुसऱ्या खेपेला जमलं. या दुसऱ्या मुद्रणाच्या पैशासाठी डिस्ने यांनी स्वतःची मोटार विकली.

मात्रा_आणि_फ्रेम

त्या वर्षी नेमकं काय बदललं ते मुलांना नुसत्या टाळीवर दाखवता येतं. मूकपटाच्या काळात प्रोजेक्टरचा वेग ठरलेला नसे. एका गावात फिल्म सेकंदाला १६ फ्रेमनं (फ्रेम म्हणजे फिल्मवरचं एक चित्र) पळे, तर दुसऱ्या गावात २० नं. मग ठोका कुठल्या चित्रावर पडेल हे सांगणार कोण? फिल्मवर आवाज आला आणि वेग सेकंदाला २४ फ्रेमवर पक्का झाला, कारण वेग बदलला की आवाजाचा सूर बदलतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. वेग पक्का झाल्याबरोबर ताल मोजता येऊ लागला.

डिस्ने यांच्याकडे विल्फ्रेड जॅक्सन नावाचा तरुण होता. त्याची आई संगीत शिकवायची, त्यामुळे मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र, त्याच्या ओळखीचं होतं. मेट्रोनोमच्या एका टिकटिकीला किती फ्रेम, हा हिशोब त्यानं मांडला. हा भागाकार सातवीतल्या पोराला येतो: २४ गुणिले ६०, भागिले मिनिटाच्या मात्रा. लय १२० ची असेल तर एका मात्रेला १२ फ्रेम.

म्हणून तुमच्या शिबिरात पेन्सिल हातात द्यायच्या आधी ठेका धरायला लावा. पहिला अर्धा तास फक्त टाळ्या. मोबाईलवर मेट्रोनोम १२० वर लावा आणि भजनी ठेक्याच्या ८ मात्रा मुलांकडून मोजून घ्या. एक आवर्तन ८ मात्रांचं, म्हणजे ९६ फ्रेम, म्हणजे बरोबर ४ सेकंद.

एक चित्र दोन फ्रेम टिकतं असं धरा, धंद्यातही बहुतेक तसंच करतात. मग एका आवर्तनाला ४८ चित्रं लागतात. ३० मुलांचे ६-६ जणांचे ५ गट करा, गटाला एक आवर्तन द्या, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला ८ चित्रं. ५ गटांची मिळून २४० चित्रं, २० सेकंदांची फिल्म. लहान वाटेल, पण दोन दिवसांत नीट होईल एवढीच होते. मिनिटाची फिल्म करायला जाल तर दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी चित्रं कोरी असतील.

आता तक्ता. वही आडवी धरा. वरच्या ओळीत मात्रा १ ते ८. खाली फ्रेम : १, १३, २५, ३७, ४९, ६१, ७३, ८५. त्याखाली चित्राचा क्रमांक : १, ७, १३, १९, २५, ३१, ३७, ४३. या आठ चित्रांना लाल पेन्सिलीनं गोल करा. ठोका, पाऊल, आपट, जे काही व्हायचं ते याच चित्रांवर व्हायला हवं. आधी ही आठ चित्रं काढून घ्यायची आणि मधली मागाहून भरायची. मुलं १ पासून ४८ पर्यंत ओळीनं काढत सुटतात आणि सातव्या चित्राला काठी अजून हवेतच असते. सगळ्यात जास्त चुकतं ते इथं.

हलगीचा एक ठोका जवळून बघा. चित्र १ : जाड काठी कातड्यावर टेकलेली, कातडं दोन-तीन मिलिमीटर आत दबलेलं. चित्र २ : काठी उसळून बरीच वर, कातडं परत सरळ. चित्र ३ : आणखी वर. चित्र ४ : अगदी वर, खांद्याच्या रेषेत. चित्र ५ : जवळजवळ तिथंच, केसभर पुढं. चित्र ६ : अर्ध्या वाटेवर खाली, काठीची रेघ किंचित वाकलेली. चित्र ७ : पुन्हा कातड्यावर. म्हणजे वर रेंगाळायचं आणि खाली झपकन यायचं. सहा चित्रांत अंतर सारखं वाटून दिलं तर काठी पाण्यात तरंगल्यासारखी दिसते, ठोका कानाला ऐकू आला तरी डोळ्याला पटत नाही.

लेझमीचं पाऊल त्याहून सोपं. मात्रेला एक पाऊल, दोन पावलांची २४ फ्रेम, म्हणजे १२ चित्रं. तीच १२ चित्रं चार वेळा फिरवली की आवर्तन भरलं. ज्या गटाचा हात सावकाश आहे त्याला हे द्या. फक्त बारावं चित्र पहिल्यासारखं काढायचं नाही, ते पहिल्याकडे जाणारं हवं. पहिल्यासारखंच काढलं तर दर सेकंदाला एक उचकी बसते.

लय बदलायची असेल तर १८०, १४४, १२० आणि ९० यांतलीच घ्या. तिथं मात्रेला ८, १०, १२ आणि १६ अशा सम फ्रेम येतात. १०० घेतलीत तर १४.४ फ्रेम येतात आणि दोन आवर्तनांतच हिशोब घसरतो.

कागदकाम

वरचा हिशोब चोख आहे. पण कागद हलला तर सगळं व्यर्थ, म्हणून जरा खिळ्या-कागदाचं बोलतो.

ए४ कागद अर्धा कापून ए५ करा आणि आडवा वापरा. २४० चित्रांना १२० ए४ लागतील, वाया जाणारे धरून १५०. ७५ जीएसएमचा साधा कागद पुरतो, खालचं चित्र त्यातून दिसतं. ऑफिसातल्या दोन भोकांच्या पंचानं वरच्या लांब कडेला भोकं पाडायची. भोकांच्या मध्यांमधलं अंतर ८० मिलिमीटर असतं. सगळ्या कागदांना एकच पंच वापरायचा, पट्टी एकाच खुणेवर ठेवून, एका वेळी पाच-सहाच कागद. दोन वेगळे पंच वापरले तर भोक कडेपासून मिलिमीटरभर मागं-पुढं होतं आणि पडद्यावर चित्र थरथरतं.

प्लायच्या तुकड्यावर ८० मिलिमीटरवर दोन गुळगुळीत लाकडी खुंट्या बसवा. भोकाचा व्यास आधी मोजून घ्या, बहुतेक पंचांचा ६ मिलिमीटर किंवा थोडा कमी भरतो. खुंटी तंग बसावी, पण कागद ओढावा लागू नये. आटे असलेले बोल्ट लावू नका, आट्यांनी दहा वेळा काढ-घाल केल्यावर भोक फाटतं. प्रत्येक गटाला अशी एक पाटी आणि कॅमेऱ्याखाली एक, अशा सहा पाट्या लागतील. सहाही एकाच साच्यावरून भोकं मारून करा.

भोकांच्या खाली १६० बाय १२० मिलिमीटरची चौकट आखलेला एक कागद गटाला द्या, तो तळाशी ठेवून काम करायचं. रेघ काळ्या स्केचपेननं. पेन्सिलीची रेघ डोळ्याला दिसते पण प्रोजेक्टरवर विरते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर, गटाचं अक्षर आणि चित्राचा क्रमांक. क्रमांक नसलेला गठ्ठा एकदा हातातून सांडला की दुपार गेली म्हणून समजा.

खानापूरची हवा लक्षात घ्या. दसऱ्यालाही सरी येतात, कागद दमट होऊन कडा उचलतात आणि दिव्याखाली सावली पडते. रात्री कागद प्लास्टिकच्या पिशवीत, वर वजन. शूटिंगच्या वेळी कागदावर ४ मिलिमीटर जाडीची घासलेल्या कडांची काच ठेवा.

मोबाईल टेबलाच्या वर सरळ खाली बघणारा हवा. दोन स्टुलांवर आडवी फळी टाकून तिला भोक पाडलं तरी चालतं. ट्यूबलाइट बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात ९ वॉटचे दोन एलईडी बल्ब. उजेड बाहेरून येत असला तर ढग आला-गेला की चित्र काळं-पांढरं होत राहतं. फोकस, उजेड आणि पांढरा रंग तिन्ही लॉक करा. शटर हाताळता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्या वेगाला दिव्याचं लुकलुकणं पकडलं जात नाही. बटण स्क्रीनवर दाबू नका, वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण दाबलं की बहुतेक फोनमध्ये फोटो निघतो आणि फोन हलत नाही.

एका चित्राला १० सेकंद धरले तर गटाची ४८ चित्रं ८ मिनिटांत होतात. पाच गटांना, अडचणी धरून, सव्वा तास ठेवा.

वाचनमंडळ_खानापूर

खूप आभार. तक्ता आजच आखायला घेतो. दोन शंका. फोटो जोडून फिल्म करायच्या ॲपमध्ये सेकंदाला किती चित्रं ते विचारतंय, तिथं २४ टाकायचे की १२? आणि ब्लूटूथ स्पीकरवर आवाज उशिरा येतो असं ऐकलंय, खरं आहे का?

मात्रा_आणि_फ्रेम

प्रत्येक चित्राचा एकच फोटो काढा आणि १२ टाका. एक चित्र दोन फ्रेम टिकवून २४ केल्यासारखंच ते होतं, मेहनत निम्मी. मात्रेला ६ चित्रं, हिशोब तोच. मग लॅपटॉपवर जोडताना प्रोजेक्ट २४ फ्रेमचा निवडा. संपादनाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरांत मुळातच २५ किंवा ३० असतं, तिथं न बघता पुढं जाऊ नका. २५ च झालं असेल आणि बदलता येत नसेल, तर लय १२५ करा, मात्रेला पुन्हा १२ फ्रेम येतात. ३० असेल तर १५०, पण १५० ला लहान मुलांचे हात हलगीवर टिकत नाहीत.

स्क्रीन रेकॉर्डिंग करून फिल्म बनवू नका. त्यात फ्रेमचा वेग कमी-जास्त होत राहतो आणि शेवटाला आवाज सुटतो. ॲपमधून थेट फाइल काढा.

हलगी_झांज

ब्लूटूथचं ऐकलंत ते खरंच आहे. साध्या स्पीकरला १०० ते ३०० मिलिसेकंद उशीर लागतो. २०० धरले तर जवळपास ५ फ्रेम, आणि तुमची मात्रा आहे १२ फ्रेमची. म्हणजे पडद्यावर काठी अर्धी वर गेल्यावर ठोका ऐकू येणार. ३.५ मिलिमीटरची वायर घ्या आणि लॅपटॉपमधून थेट स्पीकरला जोडा. मागच्या रांगेची काळजी नको, २० मीटरच्या हॉलमध्ये आवाज पोचायला ६० मिलिसेकंद लागतात, ते दीड फ्रेमही नाही.

ठोका जुळवताना एक गोष्ट पक्की : चित्र आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी पडलं तर बरं दिसतं, आवाज आधी आला तर लगेच खटकतं. आपल्यालाही लांबचा ठोका आधी दिसतो आणि मग ऐकू येतो, डोळ्याला तीच सवय आहे. सगळी फिल्म जुळूनही काहीतरी चुकतंय असं वाटलं तर आवाजाची पट्टी एक फ्रेम उजवीकडे सरकवा.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. आधी ध्वनिमुद्रण करूच नका, मुलांना पडद्यामागं बसवून प्रत्यक्ष वाजवू द्या. १९२८ मध्ये डिस्ने यांनीही तसंच केलं होतं. निम्मी फिल्म झाल्यावर एका रात्री घरच्या माणसांना बोलावलं आणि पडदा लावला. वॉल्ट यांचे भाऊ रॉय डिस्ने यांनी प्रोजेक्टर खिडकीबाहेरून चालवला, म्हणजे यंत्राची घरघर आत येऊ नये. जॅक्सन माउथ ऑर्गन वाजवत होता, बाकीचे पातेली आणि घरातलं सामान बडवत होते. आवाज आणि चित्र एकत्र उभं राहतं की नाही, हे त्यांनी पैसे घालायच्या आधी असं तपासलं.

तुमच्याकडे पांढरी चादर ताणून लावा. वाजवणारी मुलं तिच्या मागं बसली तर त्यांना चित्र उलटं दिसेल पण दिसेल, तेवढं पुरे. प्रोजेक्टर समोरून, शक्य तेवढा लांब. फिल्मच्या सुरुवातीला ८ मात्रांचं रिकामं आवर्तन ठेवा आणि त्यात दर मात्रेला एक मोठा काळा ठिपका दिसू द्या, एका मात्रेला दोन चित्रं आणि बाकी चार कोरी. ठिपका बघून मुलं ठेका पकडतात आणि नवव्या मात्रेला चित्र सुरू होतं. वादकांसाठी फिल्मवर खूण टाकली होती ती हीच युक्ती. हे आवर्तन धरून फिल्म २४ सेकंदांची होईल.

हलगी एकाच मुलाकडे द्या, ज्याचा हात शांत आहे त्याच्याकडे. झांज फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. सगळ्यांनी सगळं वाजवलं तर तो गणपतीच्या मिरवणुकीचा आवाज होतो, ठोका ऐकू येत नाही. पडल्याच्या आवाजाला स्टीलचं ताट, दार उघडायला कोरडी वेताची टोपली पिळायची, पाण्याला बादलीत तांब्या. पाच-सहा वेळा फिरवून वाजवलं की मग त्यातलं सगळ्यात चांगलं रेकॉर्ड करा.

मराठी, कन्नड, इंग्रजी माध्यमाची मुलं एकत्र आहेत याचा फायदा घ्या, फिल्ममध्ये संवाद ठेवूच नका. 'स्टीमबोट विली'तही संवाद जवळजवळ नाहीत. नावाची पाटी मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत काढा, ती किमान ६ सेकंद ठेवा. दोन्ही माध्यमांच्या मुलांना सावकाश वाचून होईल इतकी.

जुनी_रीळ

परवानगीचं राहिलं होतं. 'स्टीमबोट विली' अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून हक्कमुक्त झालाय. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे १९२८ च्या मूळ काळ्या-पांढऱ्या फिल्मला अडचण नाही. नंतर कुणी रंग भरलेली किंवा नवीन संगीत घातलेली प्रत मात्र घेऊ नका, त्या नव्या भागाचा हक्क वेगळा असतो. पत्रकावर मिकीचं चित्र छापून शिबिराचं बोधचिन्ह करू नका, ट्रेडमार्क अजून जिवंत आहे. मुलांनी काढलेली हलगी छापा, ती जास्त छान दिसेल.

प्रत उतरवताना तिचा वेग बघा. टीव्हीसाठी २५ फ्रेमवर चढवलेल्या प्रती बऱ्याच फिरतात. साडेसात मिनिटांची फिल्म त्यात १८ सेकंद लवकर संपते आणि सूरही चढतो. मुलांना मेट्रोनोम लावून तिच्यातल्या मात्रा मोजायला सांगणार असाल, तर २४ चीच प्रत हवी. फाइलच्या माहितीत फ्रेमचा वेग लिहिलेला असतो. मोजायला बोकड गाण्याचा कागद खातो आणि मग त्याची शेपटी हँडलसारखी फिरवतात तो भाग घ्या, तिथं ठेका एकदम स्पष्ट आहे. मांजराला शेपटीनं फिरवतात ते दृश्य लहान मुलांना खटकू शकतं, आधी स्वतः बघून ठेवा.

फलकाला जागा उरली तर आपली बाजूही लावा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली आणि १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या हलवल्या, दोन्ही एकेक फ्रेम करून. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात कंपनी १९३३ ला पुण्याला गेली आणि १९३४ मध्ये तिनं 'जंबूकाका' हे कार्टून काढलं. तुमच्या मुलांची चित्रं सुकेपर्यंत काडेपेटीतल्या १२ काड्या घेऊन त्याच कॅमेऱ्याखाली एक आवर्तन करून घेता येईल. काड्यांना खुंट्या लागत नाहीत, फक्त खाली काळा कागद चारही कोपऱ्यांना चिकटवून घ्या आणि काच काढून ठेवा, नाहीतर काड्या काचेला चिकटून सरकतात.